प्राणहिता–गोदावरी: सीमेवरच्या नद्या आणि पाण्याचे आंतरराज्य करार

गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तालुका तीन बाजूंनी नद्यांनी वेढलेला आहे. पश्चिमेला प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी आणि पूर्वेला इंद्रावती. या तिन्ही नद्यांचा पलीकडचा काठ दुसऱ्या राज्यात आहे. प्राणहिता आणि गोदावरीच्या पलीकडे तेलंगणा, तर इंद्रावतीच्या पलीकडे छत्तीसगड. त्यामुळे इथे धरण कुठे बांधायचे, त्याची उंची किती ठेवायची आणि पूर आला की दरवाजे कधी उघडायचे, हे कोणतेही एक राज्य एकट्याने ठरवू शकत नाही. जगात दोन किंवा अधिक देशांतून वाहणाऱ्या नद्यांची खोरी तीनशेहून अधिक आहेत आणि त्यांच्यापुढेही हेच प्रश्न आहेत. चंद्रपूर–गडचिरोलीच्या नद्यांबाबत ते भारतातील राज्यांमध्ये सोडवावे लागतात. ते कसे सोडवले गेले, कुठे अडले आणि त्याची झळ कोणाला बसली, याचा हा आढावा.

नद्यांचा भूगोल

वर्धा नदी मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताईजवळ उगम पावते. वैनगंगा त्याच राज्यातील सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि भंडाऱ्यातून खाली येत चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांची सीमा बनते. पैनगंगा चंद्रपूर जिल्ह्याच्या हद्दीवर वर्धेला मिळते. पुढे वर्धा आणि वैनगंगा यांचा संगम चपराळा अभयारण्याच्या परिसरात होतो आणि तेथून या एकत्र प्रवाहाला प्राणहिता हे नाव मिळते.

प्राणहितेची लांबी फक्त सुमारे ११३ किलोमीटर आहे, पण तिचे पाणलोट क्षेत्र सुमारे १ लाख ९ हजार चौरस किलोमीटर आहे. गोदावरी खोऱ्याचा हा जवळपास एक तृतीयांश भाग. विदर्भाचा मोठा भाग आणि मध्य प्रदेशचा काही भाग यांचे पाणी या एका वाटेने गोदावरीत उतरते. म्हणूनच गोदावरीच्या उपनद्यांत प्राणहिता सर्वांत मोठी मानली जाते.

गोदावरी स्वतः नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरला उगम पावते, मराठवाड्यातून वाहत नांदेड जिल्ह्यात महाराष्ट्र सोडते, तेलंगणातून फिरून येते आणि सिरोंच्याजवळ पुन्हा महाराष्ट्राच्या सीमेला स्पर्श करते. इथेच तिला प्राणहिता मिळते. पलीकडच्या काठावर काळेश्वर आहे. थोडे पुढे सोमनूरला इंद्रावती येऊन मिळते. इंद्रावती ओडिशातील कालाहंडी भागात उगम पावून बस्तरमधून येते आणि भामरागडजवळ पर्लकोटा व पामुलगौतम या नद्यांना सोबत घेते.

या रचनेमुळे महाराष्ट्राची स्थिती दुहेरी आहे. नांदेडमध्ये तो वरच्या अंगाचे राज्य आहे आणि खालचा तेलंगणा त्याच्याकडे पाणी मागतो. वैनगंगेवर मध्य प्रदेश वर आणि महाराष्ट्र खाली आहे. सिरोंच्यात महाराष्ट्र ना वर आहे ना खाली. तो समोरच्या काठावर आहे.

१८६०चा तह: जेव्हा नदी खरोखरच दोन राज्यसत्तांमध्ये होती

इंग्रजी अमलात ही नदी निजामाचे हैदराबाद संस्थान आणि ब्रिटिश मुलूख यांच्यामध्ये होती. १८६०च्या तहाने निजामाने गोदावरी आणि वैनगंगेच्या डाव्या तीरावरचा प्रदेश ब्रिटिशांना दिला. बदल्यात रायचूर दुआब आणि धाराशिव हे भाग निजामाला परत मिळाले. या नद्यांतून होणाऱ्या जलवाहतुकीवर जकात घेऊ नये, अशी तरतूदही या तहात होती. गोदावरीतून विदर्भाचा कापूस बोटींनी समुद्राकडे न्यावा, असा तेव्हाचा विचार होता.

सिरोंचा त्या काळी अप्पर गोदावरी या जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. नदीत तीन ठिकाणी खडकांचे अडथळे होते. ते टाळण्यासाठी बंधारे आणि कालव्यांची कामे सुरू झाली, पण खर्च वाढत गेला आणि १८७१च्या सुमारास ती थांबवण्यात आली. रेल्वे आल्यानंतर बोटींची गरजच उरली नाही. जलवाहतुकीची योजना विरली, पण नदी हीच सीमा ही व्यवस्था टिकली. आजची राज्यसीमा बऱ्याच अंशी त्याच रेषेवर आहे.

बचावत लवाद आणि १९८०चा निवाडा

राज्यघटनेच्या अनुच्छेद २६२ने आंतरराज्य नद्यांच्या तंट्यांसाठी वेगळी व्यवस्था करण्याचा अधिकार संसदेला दिला. त्यानुसार १९५६ साली आंतरराज्य नदी जलविवाद कायदा झाला. राज्यांमध्ये तडजोड होत नसेल तर केंद्र सरकार लवाद नेमते आणि त्या तंट्यावर न्यायालयांना सुनावणी करता येत नाही, अशी ही रचना आहे.

गोदावरीसाठी १० एप्रिल १९६९ रोजी न्यायमूर्ती आर. एस. बचावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला गेला. महाराष्ट्र, आंध्र प्रदेश, कर्नाटक, मध्य प्रदेश आणि ओरिसा ही राज्ये त्यात पक्षकार होती. कृष्णेच्या लवादात राज्ये शेवटपर्यंत भांडली. गोदावरीत मात्र १९७५पासून त्यांनी आपसात करार करायला सुरुवात केली. ६ ऑक्टोबर १९७५ रोजी महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यात करार झाला. ७ जुलै १९८०च्या अंतिम निवाड्याचा पाया असे करारच आहेत.

महाराष्ट्र–आंध्र करारात पाण्याचे हिस्से ठरलेच, शिवाय लेंडी, निम्न पैनगंगा आणि प्राणहिता हे प्रकल्प दोन्ही राज्यांनी मिळून हाती घ्यावेत असेही मान्य झाले. प्राणहितेवर पुढे जे घडले त्याचे बीज इथे आहे. संयुक्त प्रकल्पाचे तत्त्व मान्य झाले, पण तो कुठे, किती उंचीचा आणि कोणाच्या जमिनीवर, हे नंतर ठरवायचे होते.

इथे वापरले जाणारे टीएमसी हे एकक म्हणजे एक अब्ज घनफूट. लिटरमध्ये सांगायचे तर सुमारे २,८३२ कोटी लिटर पाणी.

इंचमपल्ली: न झालेले धरण

१९७८ साली महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि आंध्र प्रदेश यांच्यात गोदावरीवरील इंचमपल्ली धरणाबाबतही करार झाला होता. त्याच्या जोडीला इंद्रावतीवर भोपालपट्टणम येथे दुसरे धरण प्रस्तावित होते. तिन्ही सरकारे सहमत असूनही ही धरणे झाली नाहीत. गडचिरोली आणि बस्तरमधील घनदाट जंगल आणि माडिया गोंडांची गावे बुडणार होती. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात याविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. लाल श्याम शाह आणि बाबा आमटे ही त्यातली प्रमुख नावे. प्रकल्प मागे पडले.

सरकारांमधील सहमती आणि नदीकाठच्या लोकांची सहमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रकरणाने दाखवून दिले. पहिली मिळाली तरी दुसरी गृहीत धरता येत नाही.

तुम्मीडीहेट्टी ते मेडीगड्डा

प्राणहितेचे पाणी तेलंगणाच्या कोरड्या जिल्ह्यांकडे वळवण्याची प्राणहिता–चेवेल्ला ही योजना तेव्हाच्या आंध्र प्रदेश सरकारने २००८मध्ये हाती घेतली. वर्धा–वैनगंगा संगमाच्या जवळ तुम्मीडीहेट्टी येथे बॅरेज बांधून १६ लाखांहून अधिक एकर जमीन भिजवायची, असा तिचा आवाका होता. बॅरेजची पाणीपातळी १५२ मीटर धरलेली होती. त्या पातळीला महाराष्ट्रातील शेतजमीन आणि चपराळा अभयारण्याचा भाग बाधित होत असल्याने महाराष्ट्राचा आक्षेप होता. ५ मे २०१२ रोजी दोन्ही राज्यांनी सामंजस्य करार करून आंतरराज्य मंडळ नेमले, पण उंचीचा प्रश्न सुटला नाही.

२ जून २०१४ रोजी तेलंगणा वेगळे राज्य झाले. नव्या सरकारने योजनेची फेररचना केली आणि मुख्य बॅरेज खाली, प्राणहिता गोदावरीला मिळाल्यानंतरच्या पात्रात मेडीगड्डा येथे हलवले. हीच काळेश्वरम उपसा सिंचन योजना. २३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि के. चंद्रशेखर राव यांच्या उपस्थितीत तीन करार झाले. त्यात तीन पातळ्या निश्चित झाल्या:

– मेडीगड्डा (गोदावरी): १०० मीटर
– तुम्मीडीहेट्टी (प्राणहिता): १४८ मीटर
– चनाखा–कोरटा (पैनगंगा): २१३ मीटर

२१ जून २०१९ रोजी काळेश्वरम योजनेचे उद्घाटन झाले. मेडीगड्डा बॅरेज सुमारे १.६ किलोमीटर लांब आहे. त्याला ८५ दरवाजे आहेत आणि साठवण सुमारे १६ टीएमसी आहे. त्याचे एक टोक तेलंगणात, तर दुसरे सिरोंचा तालुक्यातील पोचमपल्लीजवळ आहे. या ठिकाणाहून वर्षाला सुमारे १९५ टीएमसी पाणी उचलण्याची योजना होती. ते सारे सिंचन तेलंगणाच्या वाट्याचे.

पाणीपातळीच्या आकड्याचा अर्थ

करारात लिहिलेली १०० मीटर ही पातळी समुद्रसपाटीपासून मोजलेली असते. दरवाजे बंद करून पाणी अडवले की जलाशय या पातळीपर्यंत भरतो. या उंचीच्या खाली असलेली जमीन पाण्याखाली जाणार, म्हणून ती संपादित करावी लागते. इथपर्यंत हिशेब सरळ आहे.

गुंतागुंत फुगवट्याची आहे. नदी पुरात असताना पाणी आडव्या सपाट पृष्ठभागासारखे राहत नाही. वरच्या अंगाला त्याची पातळी चढत जाते. पात्रात खांब, दरवाजे आणि गाळ असेल तर प्रवाह मंदावतो आणि बॅकवॉटर मागे पसरते. त्यामुळे करारातील रेषेच्या बाहेरची जमीनही पुरात जाऊ शकते. शिवाय दरवाजांतून जोराने सुटणाऱ्या पाण्याने खालच्या अंगाचे काठ खचतात. सिरोंच्यातील शेतकऱ्यांची तक्रार याच दोन गोष्टींची आहे: वरच्या बाजूला पिके पाण्याखाली जातात आणि खालच्या बाजूला काठाची जमीन वाहून जाते.

जुलै २०२२च्या महापुरात हे सर्वांच्या डोळ्यांसमोर आले. गोदावरीला आलेल्या पुरात योजनेचे कन्नेपल्ली येथील पंपगृहच बुडाले आणि सिरोंच्यातील अनेक गावांना पुराचा फटका बसला. संपादनाबाहेर राहिलेल्या जमिनीचा मोबदला मिळावा म्हणून तालुक्यातील शेतकऱ्यांनी वारंवार आंदोलने केली. त्यांची अडचण समजण्यासारखी आहे. बॅरेज तेलंगणाचे, पैसा तेलंगणाने द्यायचा, भूसंपादन मात्र महाराष्ट्राच्या महसूल यंत्रणेने करायचे. शेतकऱ्याने दाद मागायची तर तहसील कार्यालयात. तिथले उत्तर पलीकडच्या राज्याच्या निधीवर अवलंबून. सिरोंचा अनुसूचित क्षेत्रात येत असल्याने १९९६च्या पेसा कायद्यानुसार भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय करणेही बंधनकारक आहे.

खचलेले खांब

२१ ऑक्टोबर २०२३ रोजी संध्याकाळी मेडीगड्डा बॅरेजच्या सातव्या भागातील काही खांब खचले आणि वरच्या पुलाला बाक आला. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या पथकाने पाहणी केली. पाया, आराखडा, बांधकाम आणि देखभाल या सगळ्यांतल्या त्रुटींकडे प्राधिकरणाने बोट दाखवले. साठवलेले पाणी सोडून द्यावे लागले आणि बॅरेजचा मुख्य उपयोगच थांबला. तेलंगणात सत्ताबदल झाल्यावर न्यायमूर्ती पी. सी. घोष यांच्या आयोगाने चौकशी करून २०२५मध्ये अहवाल दिला. तुम्मीडीहेट्टीचा जुना पर्यायही पुन्हा चर्चेत आला आणि त्यासोबत महाराष्ट्राबरोबरचा उंचीचा जुना प्रश्नही.

धरण सुरक्षा कायदा २०२१मध्ये झाला. दोन राज्यांत पसरलेल्या धरणांची देखरेख एका राज्याच्या यंत्रणेवर न सोडता राष्ट्रीय प्राधिकरणाने करावी, अशी तरतूद त्यात आहे. मेडीगड्ड्यासारख्या बॅरेजसाठी ही तरतूद महत्त्वाची, कारण ते फुटले तर पाणी दोन्ही काठांवरच्या गावांत शिरेल.

बाभळी: तारखांवर चालणारी तडजोड

महाराष्ट्र वरच्या अंगाला असताना काय झाले, हे पाहण्यासाठी नांदेड जिल्ह्यातील बाभळी बंधारा उपयोगी आहे. धर्माबादजवळ गोदावरीवरचा हा बंधारा पोचमपाडच्या श्रीरामसागर जलाशयाच्या फुगवट्यात येतो. आपले पाणी अडवले जाईल, म्हणून आंध्र प्रदेश सर्वोच्च न्यायालयात गेला. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी न्यायालयाने बंधाऱ्याला परवानगी दिली, पण काटेकोर अटींवर. महाराष्ट्राने २.७४ टीएमसीपेक्षा जास्त पाणी वापरायचे नाही. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे वर उचललेले ठेवायचे, म्हणजे पावसाळ्यातला प्रवाह अडणार नाही. १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे. देखरेखीसाठी तीन सदस्यांची समिती, तीत केंद्रीय जल आयोगाचा आणि दोन्ही राज्यांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी.

दर वर्षी या तारखांना अधिकारी बंधाऱ्यावर जमतात आणि दरवाजे वर उचलतात किंवा खाली टाकतात. नांदेडच्या शेतकऱ्यांना ही व्यवस्था जाचक वाटते, कारण पाऊस संपत आल्यावर दरवाजे बंद होतात तेव्हा बरेच पाणी निघून गेलेले असते. तरीही तिचा एक गुण नाकारता येत नाही. आकडा, तारीख आणि साक्षीदार या तिन्ही गोष्टी ठरलेल्या असल्याने वाद दरवर्षी नव्याने पेटत नाही.

जगात काय चालते

देशांमधील नद्यांसाठी संयुक्त राष्ट्रांचा १९९७चा जलप्रवाह करार आहे. तो २०१४ साली अमलात आला. भारत त्याच्या मतदानात तटस्थ राहिला होता. त्यातली तीन तत्त्वे सर्वत्र उद्धृत होतात: पाण्याचा न्याय्य आणि वाजवी वापर, दुसऱ्याला लक्षणीय हानी न पोहोचवणे, आणि नदीवर मोठे काम करण्यापूर्वी शेजाऱ्याला पूर्वसूचना देणे.

प्रत्यक्ष उदाहरणे वेगवेगळी आहेत. अमेरिका आणि कॅनडा यांनी १९०९च्या कराराने सीमेवरच्या नद्या आणि महासरोवरांसाठी संयुक्त आयोग नेमला. ऱ्हाइन नदीवर जलवाहतुकीचा आयोग १८१५पासून आहे. १९८६मध्ये बाझलजवळच्या रासायनिक गोदामाला आग लागून नदी विषारी झाली, तेव्हा काठावरचे देश प्रदूषणाविरुद्ध अधिक नेटाने एकत्र आले. भारत आणि पाकिस्तान यांच्यातला १९६०चा सिंधू करार तीन युद्धांतून टिकला, पण एप्रिल २०२५मध्ये भारताने तो स्थगित केला. भारत–बांगलादेश यांचा १९९६चा गंगा पाणीवाटप करार ३० वर्षांचा होता.

सिरोंच्याच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण पश्चिम आफ्रिकेतले आहे. सेनेगल नदीवर माली, मॉरिटानिया आणि सेनेगल यांनी १९७२मध्ये संयुक्त संस्था स्थापन केली. तिने बांधलेली धरणे कोणत्याही देशाच्या भूमीवर असली तरी सर्वांच्या सामाईक मालकीची आहेत. खर्च, वीज आणि पाणी यांचे वाटप आधीच ठरलेले आहे. मेडीगड्ड्यात याच्या उलट झाले. एका राज्याने बांधले आणि वापरले, दुसऱ्या राज्याने काठ दिला.

काय कमी आहे

खोऱ्यातील सर्व राज्यांनी मिळून नदीचे नियोजन करावे, यासाठी १९५६ सालीच नदी मंडळ कायदाही झाला होता. त्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झालेले नाही. २०१४च्या पुनर्रचना कायद्याने स्थापन झालेले गोदावरी नदी व्यवस्थापन मंडळ फक्त आंध्र प्रदेश आणि तेलंगणापुरते आहे. ज्या राज्यांतून प्राणहिता आणि इंद्रावतीचे पाणी येते, ती त्यात नाहीत.

त्याचा परिणाम पुराच्या वेळी दिसतो. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस मध्य प्रदेशातील धरणांतून सोडलेले पाणी आणि गोसीखुर्दचा विसर्ग एकत्र आल्याने भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोलीत वैनगंगेकाठी मोठा पूर आला. केंद्रीय जल आयोगाची मोजणी केंद्रे वैनगंगेवर आष्टी आणि प्राणहितेवर टेकरा येथे आहेत. आकडे मिळतात. पण कोणत्या धरणातून किती पाणी कधी सुटणार, याचा निर्णय प्रत्येक राज्य आपल्या जलाशयापुरता घेते.

या सगळ्या प्रकरणांतून तीन गरजा पुढे येतात. पहिली, उंचीच्या करारासोबत पुरातील फुगवट्याची रेषा दोन्ही राज्यांनी मिळून आखणे आणि ती गावात जाहीर करणे. दुसरी, बाधित शेतकऱ्याचा मोबदला पाणी अडवण्यापूर्वी भरून ठेवणे, म्हणजे त्याला दोन सरकारांमध्ये हेलपाटे घालावे लागणार नाहीत. तिसरी, संजय सरोवर, गोसीखुर्द आणि मेडीगड्डा या साखळीतील विसर्गाची माहिती एकाच ठिकाणी एकत्र येणे आणि काठावरच्या गावांपर्यंत मराठी, तेलुगू आणि माडियात वेळेत पोहोचणे.

तुम्मीडीहेट्टीचा प्रस्ताव पुन्हा पुढे सरकला तर वाटाघाटी पुन्हा १४८, १५० आणि १५२ या आकड्यांभोवती फिरतील. चपराळ्याच्या जंगलात आणि संगमाजवळच्या धानाच्या बांध्यांत त्या दोन-चार मीटरांचा अर्थ नेमका काय होतो, हे मोजून ठेवण्याची वेळ करारावर सही होण्याच्या आधीची आहे.